टेलिफोन मॉडेमसाठी चार मितींचा लॅटिस कोड कसा मांडावा

टेलिफोनच्या तारेवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा मिळतो, त्यामुळे दर सेकंदाला पाठवायच्या चिन्हांची संख्या फारशी वाढवता येत नाही आणि प्रत्येक चिन्हात अधिक बिट बसवावे लागतात. प्रत्येक चिन्ह म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू. १६ बिंदूंच्या साध्या चौकोनी मांडणीत, म्हणजे ज्यांचे दोन्ही निर्देशांक ±१ किंवा ±३ आहेत अशा बिंदूंत, चार बिट मावतात. तिची सरासरी ऊर्जा, म्हणजे निर्देशांकांच्या वर्गांच्या बेरजेची सरासरी, १० असते आणि शेजारच्या दोन बिंदूंमधील अंतराचा वर्ग ४. पुढील पद्धतीत बिटांचा वेग तोच ठेवून हा वर्ग ८ करता येतो.

प्रथम (±५, ±१) आणि (±१, ±५) हे आठ बाह्य बिंदू मांडणीत घालावेत. मग प्रत्येक बिंदूच्या निर्देशांकांच्या बेरजेची निमपट पाहावी: ती सम असल्यास बिंदू ‘अ’ गटात, विषम असल्यास ‘ब’ गटात जातो. प्रत्येक गटात आठ आतले आणि चार बाह्य बिंदू येतात. आता चिन्हे दोन-दोनच्या जोडीने पाठवावीत आणि जोडीतील दोन्ही बिंदू एकाच गटाचे असावेत, ही अट पाळावी. जोडीतील दोन बिंदूंचे मिळून चार निर्देशांक होतात, आणि या अटीमुळेच जोड्या डी-४ नावाच्या चार मितींच्या लॅटिसवर, म्हणजे बिंदूंच्या नियमित जाळीवर, येतात. दोन्ही बिंदू बाह्य असलेली जोडी मात्र वापरू नये.

जोडीमागे आठ बिट असतात. त्यांपैकी सहा बिटांनी ‘अ’ गटातील अशी जोडी निवडावी, जिच्या पहिल्या बिंदूचा पहिला निर्देशांक धन आहे. पहिला बिट शून्य असेल तर दोन्ही बिंदू आतले घ्यावेत, म्हणजे ३२ पर्याय होतात. एक असेल तर दुसऱ्या बिटाने बाह्य बिंदू जोडीत पहिला की दुसरा हे ठरवावे, त्यातून प्रत्येकी १६ पर्याय मिळतात. उरलेले दोन बिट म्हणजे ० ते ३ मधला एक अंक. तो मागच्या जोडीच्या फिरकी-अंकात मिळवून चारने भागावे. उरलेली बाकी हा नवा फिरकी-अंक, आणि तितक्या वेळा संपूर्ण जोडी ९० अंशांनी फिरवावी. एका फिरकीत ‘अ’ गट ‘ब’ होतो, त्यामुळे अट मोडत नाही. शिवाय ग्राहक (संदेश घेणाऱ्या) मॉडेमची कला (फेज) ९० अंशांच्या पटीत घसरली तरी लागोपाठच्या अंकांतील फरक तोच राहतो. माझ्या मते या मांडणीचे खरे सौंदर्य इथेच आहे.

ग्राहकाने दोन्ही चिन्हांसाठी, प्रत्येक गटातील सर्वांत जवळचा आतला व सर्वांत जवळचा बाह्य बिंदू शोधावा आणि परवानगी असलेल्या सहा जोड्यांपैकी अंतराच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी असलेली जोडी स्वीकारावी.

बाह्य बिंदू एक चतुर्थांश वेळाच वापरले जात असल्याने सरासरी ऊर्जा १४ होते. अंतरातून ३.०१ डेसिबल मिळतात, ऊर्जेत १.४६ जातात, म्हणजे निव्वळ लाभ सुमारे १.५५ डेसिबल. प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो, कारण डी-४ मध्ये प्रत्येक बिंदूला, साध्या चौकोनी मांडणीतील जोड्यांप्रमाणे ८ ऐवजी, २४ निकटचे शेजारी असतात. यापेक्षा अधिक लाभ हवा असल्यास जोड्यांच्या क्रमावरही बंधन घालणारा ट्रेलिस कोड घ्यावा लागतो. टेलिफोन मॉडेमच्या १९९४ च्या व्ही.३४ मानकात चार मितींचे असेच कोड आहेत.