बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांना साथ देताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा मराठी वस्त्यांत बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुलं आता मुलं राहिलेली नाहीत. तिशी-चाळिशीला आली आहेत. शाळा कधीच सुटली, आई-वडील सत्तरीकडे झुकले. त्यामुळे शेजारच्या काकू, मंडळातले कार्यकर्ते, रविवारी येणारी कॉलेजची पोरं यांच्या मदतीवर बरंच काही अवलंबून आहे. ही माणसं मनापासून येतात, पण चुका दर वेळी त्याच करतात. बहुतेकांचं मूळ एकच: त्यांना थांबता येत नाही.

हातातलं काम काढून घेणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

सकाळची कचरागाडी घ्या. मोठ्या माणसाला घरातलं एक खरं काम शिकवायचं असेल, तर इंदूरमध्ये याहून चांगलं काम नाही. गाडी रोज येते, वेळ साधारण ठरलेली असते, गाडीवरचं गाणं वाजलं की निघायचं हे आपोआप कळतं, आणि गल्लीतले लोक त्याला काम करताना बघतात. मणी ओवण्यापेक्षा आणि कागदी पाकिटं चिकटवण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचं आहे. त्याच्या पायऱ्या अशा पाडा: गाणं ऐकून उठणं, चपला घालणं, ओल्या-सुक्याचे दोन्ही डबे उचलणं, फाटक उघडून बाहेर जाणं, ओल्याचा डबा ओल्याच्या कप्प्यात रिकामा करणं, मग सुक्याचा, आणि रिकामे डबे परत जागेवर ठेवणं. सात पायऱ्या झाल्या.

प्रत्यक्षात काय होतं? गाडी क्षणभर थांबते. ज्याला शिकवायचं तो दादा डबा हातात घेऊन विचार करत असतो. मागून आई ओरडते, ‘‘अरे टाक ना, गाडी जाईल!’’ आणि मदतीला आलेला पोरगा डबा ओढून स्वतःच ओततो. असं महिनाभर चाललं की दादा डबा घेऊन उभा राहायला शिकतो, कारण पुढचं कुणीतरी करणार हे त्याला पक्कं कळलेलं असतं. मग सगळे म्हणतात, ‘‘याला जमतच नाही.’’ उभं राहायचं आपणच शिकवलेलं असतं, आणि ते त्याला उत्तम जमतं.

शिकवायचं उलट्या टोकाकडून. सुरुवातीला पहिल्या सहा पायऱ्या तुम्ही त्याच्यासोबत करा आणि शेवटची, रिकामे डबे जागेवर ठेवण्याची, त्याच्यावर पूर्ण सोडा. काम संपवल्याचा आनंद त्याचा असतो, तो तुम्ही खाऊ नका. ती पायरी सलग तीन दिवस मदतीशिवाय झाली की सुक्याचा डबा रिकामा करणंही त्याच्याकडे द्या. मग ओल्याचा. असं मागे मागे येत गाण्यापर्यंत पोचायचं.

मदत करण्याआधी मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. काहींना वीस लागतात. ऐकलेलं समजायला आणि समजलेलं हातात उतरायला त्यांना खरंच तेवढा वेळ हवा असतो. त्यात तुम्ही दुसऱ्यांदा बोललात तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दहा मोजूनही काही झालं नाही तर बोटाने खूण करा. तरी नाही तर करून दाखवा. तेही नाही, तर कोपराला हलका हात लावा. तोंडी सूचना सगळ्यात शेवटी, कारण हात मनगटावरून कोपरावर, कोपरावरून हवेत असा हळूहळू काढून घेता येतो, ‘आता टाक’ हे शब्द तसे विरत नाहीत. ज्याला ‘आता टाक’ची सवय लागली, त्याला ते शब्द वर्षानुवर्षं लागतात.

पायऱ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावा. प्रत्येक पायरीपुढे रोज एक अक्षर: स्वतः केलं तर ‘स्व’, खुणेने केलं तर ‘खू’, हात धरून केलं तर ‘हा’. घरी येणाऱ्या प्रत्येकाने त्याच क्रमाने, त्याच पद्धतीने शिकवायचं. एका रविवारी एक कार्यकर्ती, दुसऱ्या रविवारी दुसरा कार्यकर्ता, आणि प्रत्येकाची वेगळी रीत, हे कुठल्याही शिकण्याला मारक आहे. गाडीवरच्या माणसाला एकदा भेटून सांगा की दादा येतोय, जरा थांबा. तो थांबतो. ज्यांना पंधरा दिवसांत फोटो टाकण्यासारखा निकाल हवा आहे, त्यांनी दुसरं काम शोधावं. इथे एका पायरीला दोन महिने लागू शकतात, आणि ते दोन महिने वाया गेलेले नसतात.

पैशांचंही असंच. नाणी ओळखायला आणि बेरीज-वजाबाकी शिकवत बसू नका. ‘पुढची दहाची नोट’ शिकवा: दुकानदार सदतीस म्हणाला की चाळीस द्यायचे, बारा म्हणाला की वीस. दहा-दहाच्या नोटांचं छोटं पाकीट, एकच ओळखीचं दुकान, आणि सुट्टे परत घेईपर्यंत काउंटरवर हात ठेवून उभं राहायचं. एवढं जमलं की दूध-ब्रेड आणण्याचं काम आयुष्यभराचं झालं.

दुखणं आहे हे न ओळखणं

शहरातल्या एका गटात विशीतला एक तरुण यायचा. ऑटिझम, बोलणं जवळजवळ नाही. एकाएकी तो उजव्या गालावर चापटी मारून घेऊ लागला. पोळी सोडली, फक्त दहीभात खायचा, रात्री उठून बसायचा. गटातल्यांचं मत पडलं की लाडावलाय. घरात टीव्ही बंद केला गेला, मग ‘हट्ट’ मोडायला म्हणून बाहेर नेणंही बंद झालं. शांत ठेवण्यासाठीच्या औषधाची मात्रा वाढली. तो दिवसभर झोपू लागला, वजन वाढलं, चापट्या मात्र थांबल्या नाहीत. शेवटी त्याच्या मावशीच्या लक्षात आलं की दहीभातसुद्धा तो डाव्याच बाजूने चावतोय. दंतवैद्याने टॉर्चने पाहिलं तर उजवीकडच्या दाढेच्या मुळाशी गळू होतं. भूल देऊन दाढ काढली आणि काही दिवसांत चापट्या बंद झाल्या. वाढवलेलं औषध मात्र झटक्यात बंद करता येत नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायला कितीतरी जास्त वेळ गेला.

अशा गोष्टी अपवाद नाहीत. जो बोलून सांगू शकत नाही तो वागून सांगतो. वागणं अचानक बदललं तर आधी शरीर तपासा, स्वभावाचा विचार त्यानंतर. क्रम साधारण असा ठेवा: दात आणि हिरड्या, कान (मळ साचला तरी डोकं आपटणं सुरू होतं), बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, पाळी, ॲसिडिटी, पायाला चावणारी चप्पल, नवीन सुरू झालेलं औषध. बद्धकोष्ठतेकडे तर कुणीच बघत नाही. मानसिक आजारांच्या कित्येक औषधांनी ती होते, पाणी कमी प्यायल्याने वाढते, आणि माणूस चिडचिडा होतो. शौचाची तारीख कॅलेंडरवर खुणेने नोंदवा. तीन दिवस खूण नसेल तर डॉक्टरांना कळवा.

रिस्पेरिडोनसारख्या (चिडचिड, आक्रमकपणा कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या) औषधांनी भूक आणि वजन वाढतं, म्हणून दर महिन्याला वजन लिहा. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचं काम मंदावणं खूप आढळतं. सुस्ती, कोरडी त्वचा, थंडी सहन न होणं याला ‘आळस’ म्हणून सोडू नका, टीएसएचची (थायरॉईडसाठीची रक्ताची) तपासणी वर्षातून एकदा करा.

दवाखान्यात जाताना एक पान सोबत ठेवा: तो ‘हो’ कसा म्हणतो, दुखतं तेव्हा काय करतो, कशाने शांत होतो, कोणती औषधं किती मात्रेत चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे. नवखा डॉक्टर हे पान दोन मिनिटांत वाचतो आणि मग माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

योगवर्गात उत्साहाच्या भरात डाऊन सिंड्रोम असलेल्यांना शीर्षासन, हलासन, कोलांटउडी करायला लावू नका. काहींच्या मानेतले पहिले दोन मणके सैल असतात, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. चाल बदलली, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा कपड्यात लघवी होऊ लागली, तर लगेच डॉक्टर.

फिट आली की कांदा, चप्पल, चमचा काहीही वापरायचं नाही. दातांमध्ये काही घालू नका, घट्ट धरून ठेवू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली तर थेट रुग्णालय. फिट येत नाही म्हणून गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला न्यायचं असेल तर आधी जागा ठरवा, गर्दीबाहेर निघायची वाट ठरवा, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन घाला आणि अर्ध्या तासात निघायची तयारी ठेवा. ‘सगळे थांबलेत म्हणून’ थांबवू नका.

चाळीस वर्षांच्या माणसाशी लाडिक आवाजात ‘बाळा’ म्हणून बोलू नका. दादा, ताई म्हणा.

वाढदिवसाला केक घेऊन येऊन फोटो काढून जाणं ही मदत नाही. त्यापेक्षा दर गुरुवारी संध्याकाळी त्याच वेळी येऊन बागेत एक फेरी मारून आणा. दोन वर्षं नेमाने येणारा एक माणूस, एकदा येणाऱ्या तीस माणसांपेक्षा जास्त कामाचा. आणि फोटो टाकायचा असेल तर त्याला विचारा, घरच्यांना विचारा.

कागदपत्रं पुढे ढकलणं

युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) एकाच नावाने, एकाच जन्मतारखेने असू द्या. एका अक्षराच्या फरकाने दिव्यांग पेन्शन अडते आणि मग कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनवाईला (तक्रारी ऐकण्याच्या दिवशी) खेटे सुरू होतात. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, थेरपीचा काही खर्चही मिळतो, पण बिलं मूळ लागतात, झेरॉक्स चालत नाही.

पालकत्वाचं मात्र नीट समजून घ्या, कारण दोन्ही बाजूंनी चुका होतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांत बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अर्ज तिच्याकडे करायचा, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागत नाही. दुसरी चूक याच्या उलट: ज्याला सही समजते, आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे कळतं, त्याचंही पूर्ण पालकत्व ‘सोय म्हणून’ घेऊन टाकणं. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016 मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. आधी हे पुरेसं आहे का ते बघा.

बहात्तर वर्षांच्या वडिलांनी एकट्याने पालक होणं हा उपाय नाही. ते गेल्यावर पुन्हा नवा अर्ज, आणि तोपर्यंत खातं अडकलेलं. वडिलांच्या हयातीतच भाऊ, बहीण किंवा भाच्याशी बोलून ठेवा, त्याला औषधं, बँक, डॉक्टर यांची ओळख करून द्या. पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्या-देण्याची यादी समितीला द्यावी लागते. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनपर्यंत, हिशेब सादर करावा लागतो. हे काम जूनमध्ये बसून होत नाही. एप्रिलपासूनच एक वही फक्त त्याच्या पैशांसाठी ठेवा, घरखर्चाचा हिशेब तिच्यात मिसळू नका, आणि प्रत्येक नोंदीसोबत पावती चिकटवा.