मामा तलावावर फ्लाय फिशिंगला निघण्याआधी

गटाची सहल ठरली की पहिला फोन रॉडच्या दुकानात जातो. माझं म्हणणं आहे, पहिला फोन गावात जाऊ द्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव आहेत आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी धनी आहे. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधलेले हे तलाव मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी महसूल पद्धत) गेल्यावर, १९५१ च्या सुमारास, सरकारजमा झाले. आता मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आहेत, लहान जिल्हा परिषदेकडे. मासेमारीचा ठेका मात्र बहुतेक गावांत ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. पाण्यात फिरणाऱ्या रोहू-कटल्याची बोटुकली संस्थेनं स्वतःचे पैसे घालून सोडलेली असते. त्यावर घरं चालतात. म्हणून संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना निदान तीन आठवडे आधी भेटायचं आणि लेखी अर्ज द्यायचा. अर्जात किती जण येणार, कोणत्या तारखेला, सकाळी किती ते किती, मासा पकडून पाण्यात परत सोडणार की ठेवणार, आणि संस्थेला किती रक्कम देणार, हे सगळं स्पष्ट लिहा. रक्कम त्यांनी सांगायची, आपण घासाघीस करायची नाही. पावती घ्यायची. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना अर्जाची एक-एक प्रत द्यायची, म्हणजे सकाळी तलावाच्या पाळीवर (बांधावर) अनोळखी माणसं दिसली तरी गावात चर्चा होत नाही.

त्याच भेटीत तलाव पायी फिरून घ्या, शक्यतो जाळं टाकणाऱ्या एखाद्या काकांना सोबत घेऊन. नकाशावर जे कधीच दिसत नाही ते हे काका दाखवतात. बायांचा घाट कुठला, म्हशी कुठून उतरतात, पाणी सोडायचं तुडूम कुठं आहे, गाळात माणूस कुठं कमरेपर्यंत रुततो, हे सगळं त्यांना पाठ असतं. “भाऊ, तिकडं नका जाऊ, तिकडं आमचे जाळे हाये,” असं त्यांनी म्हटलं की तो कोपरा आपल्यापुरता संपला. वहीत कच्चा नकाशा काढून त्यावर खुणा करा आणि सहलीच्या आदल्या रात्री सगळ्यांना दाखवा. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात काही तलावांत माजलेली बेशरम नावाची झुडपं ढिवर समाजाच्या बायांनी उपटून काढली आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती तिथे हातानं लावल्या. ते वाफे वरून साध्या गवतासारखे दिसतात. तिथे पाय ठेवायचा नाही, फ्लायही (गळावर पिसं-दोरे बांधून केलेला खोटा किडा) टाकायची नाही.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प यांच्या हद्दीतलं पाणी यादीतून आधीच काढून टाका. नवेगाव, नागझिरा, पेंचमधलं तोतलाडोह, कितीही मोह झाला तरी तिथे रॉड न्यायचा नाही.

तारीख ठरवताना माझा कौल फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा असा आहे. जून ते ऑगस्ट रोहू, कटला, मृगळ यांचा विणीचा काळ असतो आणि मरळही त्याच पावसात वितो, त्यामुळे तेव्हा गटानं जायचंच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी इतकं गार असतं की मरळ सुस्त पडून राहतो. मार्च अर्धा सरला की ऊन चढतं, आणि त्याचा त्रास आपल्याआधी माशाला होतो. उन्हाळी धानाला पाणी सोडायच्या तारखाही विचारून घ्या. दोन दिवसांत पातळी हातभर उतरली तर आधी हेरलेला काठ चिखल होऊन बसतो.

आता सामान. फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसतं, दोरीला म्हणजे लाइनला असतं, म्हणून रॉड, रील आणि लाइन यांचा नंबर एकमेकांशी जुळलाच पाहिजे. तिलापिया आणि लहानसहान माशांसाठी ५ किंवा ६ नंबरचा ९ फुटी रॉड पुरतो. मरळ धरायचा असेल तर ८ नंबरचा घ्या, कारण तो लागल्याबरोबर कमळाच्या देठांत शिरतो आणि तिथून त्याला ओढून काढायला ताकद लागते. लाइन तरंगणारी. मरळासाठी लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा नायलॉनचा धागा, आखूड आणि जाड ठेवा. बेडकासारखी फ्लाय किंवा पाण्यावर आवाज करणारा पॉपर बांधा, पण गळाच्या टोकापुढे नायलॉनची गवतरोधक कडी असलेली. ती नसली तर प्रत्येक फेकीला शेवाळ येतं. काळ्या आणि शेवाळी रंगाच्या वूली बगर नावाच्या फ्लाय डबीत जास्त ठेवा, काठावरची बेशरम त्या गिळत जाते. पोलराइज्ड चष्मा आणि रुंद काठाची टोपी यांना पर्याय नाही. ज्याच्याकडे चष्मा नाही त्यानं त्या दिवशी काठावर वही सांभाळावी, रॉड हातात घेऊ नये. डोळ्यात गेलेला गळ तलावावर कुणालाच काढता येत नाही.

प्रत्येक गळाचा उलटा काटा घरूनच दाबून या. चपट्या तोंडाचा प्लायर घ्या, गळाचं टोक आपल्यापासून दूर धरा, काटा प्लायरच्या जबड्यात आडवा पकडा आणि एकदाच घट्ट दाबा. मग गळ जुन्या सुती कापडात टोचून बाहेर ओढून पाहा. धागा अडला तर पुन्हा दाबा, सरळ निघाला तर काम झालं. पहाटेच्या अंधारात, थंडीनं आखडलेल्या बोटांनी हे नीट होत नाही, म्हणून आदल्या रात्री सगळ्यांच्या डब्या एकत्र उघडायच्या आणि एकमेकांच्या तपासायच्या. बिनकाट्याच्या गळामुळे मासा चटकन सुटतो आणि माणसाच्या कातडीत घुसलेला गळही आला त्या वाटेनं बाहेर येतो.

गटात नवे लोक असतील तर आदल्या रविवारी शाळेच्या मैदानावर सराव ठेवा. फ्लायऐवजी लोकरीचा छोटा तुकडा बांधायचा. सरावात शिकवायचं ते मुख्यतः मागे बघायला. पुढे टाकण्याआधी लाइन पाठीमागे पूर्ण उलगडते, जितकी पुढे जाणार तितकीच मागे जाते. पाळीवर मागे बाभूळ असते, सायकलवरून शेतात निघालेला माणूस असतो, बघायला जमलेली पोरं असतात. प्रत्येक फेकीआधी मान वळवायची सवय मैदानावरच लागली पाहिजे. तलावावर दोन जोड्यांमध्ये निदान तीस पावलांचं अंतर ठेवा. पोरांना हाकलू नका. त्यांना बाजूला उभं राहायची जागा दाखवा, एखाद्याच्या हातात लोकर बांधलेला रॉड द्या. गाव आपल्याला ओळखायला लागतं ते या पोरांमुळे.

मरळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मोहही त्याचाच जास्त आणि चुकाही त्याच्याच बाबतीत होतात. मरळ हवा घ्यायला वर येतो. पाणी निश्चल असताना कमळाच्या पानांमधून एक गोल वळी उठते, मध्ये दोन-चार बुडबुडे फुटतात, आणि त्याच्या किंचित पुढे एखादं देठ हलतं. फ्लाय त्या वळीच्या मधोमध टाकायची नाही. देठ ज्या दिशेनं हललं तिकडे, हातभर पुढे टाकायची, दोन श्वास थांबायचं आणि मग तिला हलकेच झटका द्यायचा. पण पाण्याच्या वरच्या थरात लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा खळखळताना दिसला तर रॉड खाली ठेवा. खाली त्यांचे आई-बाप राखणीला असतात आणि पिल्लांजवळ काहीही आलं की तोंड घालतात, म्हणून ते फार सहज लागतात. ते थोडा वेळ बाजूला झाले तरी इतर मासे पिल्लं फस्त करू शकतात. हा थवा बहुधा पावसाळ्यात दिसतो, पण एरवी दिसला तरी नियम तोच. आपल्या गटात हा नियम सगळ्यात वरचा मानावा, अशी माझी विनंती आहे.

मासा लागला की पुढचं सगळं काम ओल्या हातानं. अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो आणि कोरडा हात किंवा सुताची जाळी तो थर खरडून काढते. हाती धरायची जाळी रबराची घ्या, प्रत्येक जोडीला एक. फोटो काढायचा असेल तर काढणारा आधी तयार पाहिजे. मासा पाण्याच्या वर वीतभर उचलायचा, तोही एक श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ. कल्ल्यात बोट घालायचं नाही. सोडताना त्याला सरळ धरून ठेवा आणि तो स्वतःच्या बळानं निघेपर्यंत थांबा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो, म्हणून सकाळी दहाला रॉड आवरायचे आणि चारनंतर परत काढायचे. तिलापिया लागला तर सोडायचा की द्यायचा हे संस्थेला आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी तो त्यांना नको असतो.

माणसांची काळजी. प्रत्येकाला जोडीदार ठरलेला, एकटं कुणी काठावर जायचं नाही. उजाडल्याशिवाय पाळीवरून चालायचं नाही, कारण मोहफुलं पडायला लागली की अस्वलं झाडांखाली येतात, आणि हा सगळा पट्टा वाघ-बिबट्यांचा आहे. २०२१ पासून छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेले रानटी हत्ती अर्जुनी मोरगावकडेही येऊन गेले आहेत, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वनरक्षकांना फोन करून विचाराच. तंबू मोहाखाली लावू नका. पहाटे फुलं वेचायला येणाऱ्या घरांची ती ठरलेली जागा असते. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात बॅटरी आणि काठी. जवळच्या ज्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे त्याचं अंतर आणि फोन सगळ्यांकडे लिहून असावा, १०८ नंबर तर असावाच. साप चावला तर चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काही करायचं नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला गाडीत घालायचं आणि निघायचं. प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखरेची पाकिटं आणि प्रत्येकी चार लिटर पाणी गाडीत राहील. ज्याला पोहता येत नाही त्यानं लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात उतरायचं, ते सुद्धा गुडघ्यापर्यंत.

जेवण गावातल्या बचत गटाकडून घ्या. भात, लाखोळीची डाळ, वांग्याचं भरीत, आणि संस्थेकडून रोख विकत घेतलेल्या माशांचा रस्सा. आपण धरलेला सोडायचा आणि त्यांनी धरलेला विकत घ्यायचा, हे मला फार पटतं, कारण सहलीचे पैसे ज्यांचा तलाव त्यांच्याच घरी जातात. पत्रावळी पानांच्या मागा.

दोन लहान वस्तू विसरू नका. एक रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली, लीडर आणि त्याच्या टोकाचा बारीक धागा (टिपेट) यांचे तुकडे टाकायला. नायलॉनचा वीतभर तुकडाही बगळ्याच्या पायात अडकतो आणि पाय कापतो. महाराष्ट्रात सारस वितात ते मुख्यतः गोंदियाच्या या धानपट्ट्यात, आणि त्यांच्या जोड्या याच काठांवर चरतात. सारस दिसले तर त्या बाजूचा काठ सोडून द्यायचा, फोटोसाठीही जवळ जायचं नाही. दुसरी वस्तू म्हणजे ब्रश. एका तलावातून दुसऱ्या तलावावर जाण्याआधी बूट, जाळी, लाइन घासून उन्हात कडक वाळवायची, म्हणजे शेवाळाचे तुकडे आणि जलपर्णीची मुळं आपल्याबरोबर जात नाहीत.

आपल्या गटाच्या अर्जुनी मोरगावकडच्या सहलीला नागपूरहून गाड्या साकोली-कोहमारा मार्गानं निघतील. रेल्वेनं येणाऱ्यांनी गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरायचं, तिथून जीप सांगून ठेवू. कोणता मासा, किती लांब, किती वाजता, कुठल्या कोपऱ्यात, हे प्रत्येक जोडीनं वहीत लिहायचं आहे. त्या वहीची प्रत परतल्यावर आठवड्याभरात संस्थेला द्यायची, त्यांना बोटुकली सोडताना ती कामी येते. येणार असाल तर नाव, रक्तगट, घरच्यांचा फोन, पोहता येतं की नाही, आणि रॉडचा नंबर बुधवारी रात्रीपर्यंत कळवा. बचत गटाला ताटांचा आकडा गुरुवारी सकाळी सांगायचा आहे.