परदेशी भाषा कितव्या वर्षी? आधी या चुका टाळा

फोनवरचं पहिलं वाक्य मला आता पाठ झालंय. "मॅडम, आमचा साडेचार वर्षांचा आहे, उशीर तर नाही ना झाला?" त्याच आठवड्यात दुसरा फोन येतो, "आमची बाराची आहे, आता काही उपयोग होईल का हो?" एका घरात घाई, दुसऱ्या घरात हळहळ, आणि दोघांनाही माझ्याकडून एक आकडा हवा असतो. सोळा वर्षं मुलांना जर्मन शिकवतेय, आकडा काही मी देत नाही. उलट विचारते, "आठवड्याला किती वेळ देणार आणि किती वर्षं?" मग पलीकडे जरा शांतता पसरते.

"लहान मूल आपोआप शिकतं" म्हणून आठवड्याला एक तास

सगळ्यात जास्त मुलं या चुकीत वाया जातात, म्हणून हिच्यावर सविस्तर लिहिते.

सात वर्षांचा एक मुलगा आला होता. चौथ्या वर्षापासून कुठेतरी जर्मनला जात होता, तीन वर्षं झाली होती. आईच्या हातात प्रशस्तिपत्रकांची फाइल होती आणि मागणी सरळ होती, याला एकदम पुढच्या वर्गात घ्या. मुलगा गोड, बसला ऐटीत. नवशिक्यांच्या बहुतेक वर्गांत तीन प्रश्न ठरलेले असतात: तुझं नाव काय, तू किती वर्षांचा, तुझा आवडता रंग कोणता. मी फक्त क्रम बदलला. आधी रंग विचारला, "वास इस्ट डाइनं लीब्लिंग्सफार्बं?" त्याने हसून, अगदी स्वच्छ उच्चारात स्वतःचं नाव सांगितलं. मग मी नाव विचारलं, "वी हाइस्ट डू?" उत्तर आलं, "झीबन." म्हणजे सात. शेवटी वय विचारलं, तर म्हणाला, "ब्लाऊ."

वय काय, तर निळं.

आई म्हणाली, "घरी सगळं बरोबर सांगतो हो." सांगत असणारच, घरी क्रम तोच असेल. पोराची काहीच चूक नव्हती. त्याला तीन उत्तरांची माळ शिकवली गेली होती, ती त्याने एकही मणी न सांडता म्हणून दाखवली. प्रश्न मात्र त्याने तीन वर्षांत एकदाही ऐकला नव्हता, कारण ऐकायची गरजच पडली नव्हती.

आता हिशेब करा. आठवड्याला एक तास म्हणजे सुट्ट्या वजा जाता वर्षाला चाळीस तास. तीन वर्षांचे झाले एकशेवीस. जे मूल त्या भाषेच्या देशात राहायला जातं, शाळेत आणि अंगणात तीच ऐकतं, त्याच्या कानावर दिवसाला दहा तास तरी ती पडते. याची तीन वर्षं म्हणजे त्याचे बारा दिवस! "लहानपणी भाषा पटकन येते" हे वाक्य त्या दुसऱ्या मुलाबद्दल आहे. ते उचलून आपण आपल्या शनिवारच्या तासाला चिकटवतो.

या विषयातला गाजलेला अभ्यास जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांचा, 1989 चा. कोरियन आणि चिनी मातृभाषेचे 46 जण, वेगवेगळ्या वयात अमेरिकेत आलेले. सातव्या वर्षाच्या आत आलेल्यांचं इंग्रजी व्याकरण तिथे जन्मलेल्यांच्या तोडीचं निघालं, नंतर आलेल्यांचं वयानुसार उतरत गेलं. जाहिरातवाले एवढंच सांगतात. पण ही माणसं अमेरिकेत राहत होती, वर्षानुवर्षं. वर्गात शिकणाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली मुलं तपासली. तासांची संख्या सारखी धरली तर अकरावाली पुढे होती. आणि 1978 मध्ये स्नो आणि हुफनागल-ह्यूले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांना डच शिकताना पाहिलं. तिथे भोवताली डचच होती, तरी सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात वेगाने पुढे गेली ती 12 ते 15 ची मुलं, आणि सगळ्यात मागे होती 3 ते 5 ची.

म्हणजे लहान मूल हळू शिकतं. शेवटी ते मोठ्यांच्या पुढे जातं हे खरं, पण भाषा रोज भरपूर मिळत राहिली तरच. आपण हळू शिकणाऱ्याला सगळ्यात कमी वेळ देतो आणि वर त्याच्याकडून वेगाची अपेक्षा करतो.

माझी सवय सांगते, हा काही नियम नव्हे. चार ते सहाच्या मुलांना घ्यायचंच तर आठवड्यातून निदान तीनदा, वीस-वीस मिनिटं. फक्त गाणी, खेळ आणि हुकूम: दार लाव, बूट घाल, उडी मार. वही नाही. तेवढं जमणार नसेल तर मी सरळ सांगते, थांबा. आठवड्याला एकच तास शक्य असेल तर दहाव्या वर्षी या. तोवर मूल स्वतःच्या भाषेत सपासप वाचत असतं, "क्रियापद शेवटी जातं" म्हटलं की त्याला कळतं, आणि लहानग्यांना वर्षभर लागतं ते चार महिन्यांत उरकतं. असं सांगून मी बरीच ॲडमिशन घालवली आहेत.

माझा निळ्या वयाचा विद्यार्थी पहिल्याच वर्गात बसला. सहा महिने मी त्याला एकही प्रश्न ठरल्या जागी विचारला नाही. आई पहिले दोन महिने माझ्यावर नाराज होती.

बाळाला पडद्यासमोर बसवणं

हे लोण अलीकडचं. एका बाबांनी मला फोटो पाठवला होता, आठ महिन्यांचं बाळ आणि समोर मोबाइलवर जर्मन कार्टून. "खिडकी बंद व्हायच्या आत," असं खाली लिहिलेलं. खिडकी म्हणजे भाषा सहज शिकता येण्याचा लहानपणीचा काळ.

खिडकीची गोष्ट खोटी नाही, आणि गंमत म्हणजे ती आपल्याच त आणि ट वर उभी आहे. 1984 मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांचा तो कान गेलेला होता. आपल्याला या दोन अक्षरांत फरक आहे हे सांगावंही लागत नाही. इंग्रजी भाषक मोठ्या माणसाला तो शिकवून बघा.

पण पुढचा भाग त्या बाबांपर्यंत पोचला नव्हता. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा बैठका खेळली, आणि बाळं चिनीतले आवाज ओळखायला लागली. तोच मजकूर दुसऱ्या गटाला व्हिडिओवर दाखवला, तिसऱ्याला नुसता ऐकवला. दोन्हींचा परिणाम शून्य. बाळाला शिकवतं ते समोरचं माणूस. घरात ती भाषा बोलणारं कुणी नसेल तर बाळाशी आपल्या भाषेत भरपूर बोला आणि मोबाइल उचलून ठेवा.

एक वर्ष जर्मन, एक वर्ष फ्रेंच, मग जपानी

माझी दुसरी लाडकी चूक. पालक याला "सगळ्याची ओळख होते" म्हणतात. सहाव्या वर्षी माझ्याकडे आलेली एक मुलगी पुढच्या वर्षी फ्रेंचला गेली, नंतर जपानीला, आणि दहाव्या वर्षी परत माझ्याकडे. तिला चार वर्षांत तीन भाषांतले एक ते दहा आकडे येत होते, तेही सात-आठच्या आसपास एकमेकांत मिसळलेले. जर्मन मी शून्यापासून शिकवलं. फक्त आता तिला वाटत होतं की आपल्याला भाषा जमत नाहीत. ते वाटणं काढायलाच एक वर्ष गेलं.

लहान वयात आलेली भाषा पक्की बसते, हा गैरसमज कुठून आला मला माहीत नाही. ती जितकी अलगद येते तितकीच अलगद जाते. फ्रान्समध्ये क्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये आठ तरुणांचा अभ्यास केला. हे सगळे तीन ते आठ वर्षांचे असताना कोरियातून फ्रेंच घरांत दत्तक गेलेले. कोरियन ही त्यांची जन्मभाषा, आठ वर्षांचं मूल तर ती घडाघडा बोलत असणार. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्यं ऐकवली, तर ती कोरियन आहेत हेही त्यांना इतर फ्रेंच लोकांपेक्षा जास्त ओळखता आलं नाही. मेंदूच्या स्कॅनमध्येही कोरियनला वेगळा प्रतिसाद दिसला नाही. आईच्या भाषेची ही गत, तर आपण मध्येच सोडलेल्या एका वर्षाच्या वर्गाचं काय घेऊन बसलात?

जपानीवाल्यांसाठी आणखी एक. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्यांची मूळ 46-46 अक्षरं महिन्याभरात होतात, म्हणून पालक खूश. पुढे रोजच्या वापराच्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, 2136 आहेत, आणि त्यातल्या 1026 शिकायला जपानी मुलांना प्राथमिक शाळेची सहा वर्षं लागतात. ती मुलं घरी जपानीच बोलतात, हे लक्षात असू द्या.

मी आता प्रवेश देतानाच तीन वर्षांचं बोलून घेते. सुट्टीत वर्ग नसतो, पण रोज दहा मिनिटं ऐकणं असतं. पंधरा दिवसांपेक्षा मोठी फट पडली की पुढचे दोन तास जुनंच उकरण्यात जातात, हे मी वहीत टिपून पाहिलंय.

माझी स्वतःची चूक

सुरुवातीच्या वर्षांत मी सहा वर्षांच्या मुलांना डेर-डी-डासचा, म्हणजे जर्मन नामांआधी लागणाऱ्या तीन लिंगांच्या शब्दांचा, तक्ता पाठ करायला लावला होता. मला वाटलं मराठी मुलांना तीन लिंगं घरचीच आहेत, सोपं जाईल. एक मुलगी उठून म्हणाली, "पण खुर्ची मुलगा कशी असेल?" जर्मन खुर्ची पुल्लिंगी, आपली स्त्रीलिंगी, आणि सहा वर्षांच्या जिवाला हे सपशेल खोटं वाटतं. मी समजावत बसले. पंधरा मिनिटांत अर्धा वर्ग गळाला. हाच तक्ता अकरा वर्षांच्यांसमोर ठेवला तर ते जर्मन "मुलगी" नपुंसकलिंगी आहे हे कळल्यावर हसून लोळतात, आणि "ते मूल"ची आठवण त्यांची तेच काढतात. तेव्हापासून आठच्या आत व्याकरणाचं नावही नाही.

बाकीच्या, पटापट

पाहुण्यांपुढे "बोलून दाखव". नको. मूल अडखळतं, सगळे हसतात, आणि पुढच्या तासाला तोंड शिवलेलं असतं.

दोन महिने झाले, एक शब्द बोलत नाही. बोलेल. नव्या भाषेत पडलेली मुलं कित्येक आठवडे, कधी काही महिने नुसती ऐकतात. सांगितलेलं करतंय का एवढं बघा. "दार लाव" म्हटल्यावर दार लागत असेल तर गाडी रुळावर आहे.

दोन भाषा मिसळतंय, "माझा हुंट पळाला" (हुंट म्हणजे कुत्रा) म्हणतंय. म्हणू द्या. घोळ नाही हा, हाताशी आलेला शब्द वापरतंय. वाक्य पूर्ण मराठी करून तुम्ही सहज उत्तर द्या, चूक काढू नका.

प्रशस्तिपत्रकावर "ए-वन" बघून पेढ्यांची भाषा. युरोपीय मोजपट्टीत ए-वन ही सहांपैकी सगळ्यात खालची पायरी आहे, सगळ्यात वरची सी-टू. मराठीतला "एवन" वेगळा.

उच्चार छान म्हणजे भाषा छान. ब्लाऊवाल्याचे उच्चार उत्तम होते. उलट मूळचा पोलिश कादंबरीकार जोसेफ कॉनराड विशीत इंग्रजी शिकला, त्याच्या बोलण्याचा परकी हेल शेवटपर्यंत गेला नाही, आणि लिहिलं मात्र इंग्रजीतच.

आणि उलटी चूक: "बारा झाली, वेळ गेली"

2018 मध्ये हार्टशॉर्न, टेननबॉम आणि पिंकर यांनी जवळपास 6.7 लाख लोकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी तपासली. व्याकरण शिकायची क्षमता सतरा-अठरापर्यंत टिकून असते, असा त्यांचा निष्कर्ष. जन्मजात बोलणाऱ्यासारखं व्हायचं असेल तर दहाच्या आसपास सुरुवात हवी, हेही त्यांनीच म्हटलंय. पण तुमच्या मुलीला खरंच जन्मजात जर्मनसारखं बोलायचंय का? माझ्याकडे या प्रश्नाला आजवर एकाही घरातून "हो" आलेलं नाही. शिकता यावं, काम करता यावं, माणसांशी बोलता यावं, एवढंच हवं असतं. त्याला बारा हे उत्तम वय आहे. माझे सगळ्यात चांगले विद्यार्थी अकरा ते तेराला आलेले आहेत.

फक्त या वयात एक गोष्ट बदलते. चार वर्षांच्या मुलाला आणून बसवता येतं, बारा वर्षांच्या मुलीला येत नाही. म्हणून बाराच्या फोनला मी पालकांशी फार बोलत नाही. म्हणते, "जरा तिला फोन द्या, तिला का शिकायचंय ते विचारते."

बहुतेक वेळा उत्तर येतं, "ती घरी नाहीये. दुसऱ्या क्लासला गेलीय."