पायथनमध्ये मॉड्यूल आहे की नाही, हे प्रोग्रॅम चालू असतानाच कसं तपासायचं

मॉड्यूलचं (इम्पोर्ट करता येणाऱ्या कोडच्या फाइलचं किंवा पॅकेजचं) नाव कॉन्फिग फाइलमधून स्ट्रिंग म्हणून हातात येतं, तेव्हा सरळ इम्पोर्ट लिहून भागत नाही. अशा वेळी ‘इम्पोर्टलिब.युटिल’मधलं ‘फाइंड_स्पेक’ हे फंक्शन वापरा. त्याला नाव दिलं, की मॉड्यूल सापडल्यास स्पेक ऑब्जेक्ट (मॉड्यूल कुठे आहे वगैरे माहिती) मिळतो, नाहीतर ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’. मॉड्यूलचा कोड चालत नाही, त्यामुळे टेन्सरफ्लोसारखं जड पॅकेजही पटकन तपासून होतं. नावात टिंब असेल तर मात्र जपा. ‘सायपाय.स्टॅट्स’ विचारलं की आधी सायपाय खरोखर इम्पोर्ट होतं आणि तेच नसेल तर ‘नन’ऐवजी ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ येतो. म्हणून आधी मूळ पॅकेज तपासा.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायच्या साधनाने) ‘पिलो’ टाकतो, पण इम्पोर्ट ‘पीआयएल’ करतो. ‘सायकिट-लर्न’चं ‘एसकेलर्न’ होतं, ‘पायवायएमएल’चं ‘यामल’. फाइंड_स्पेकला इम्पोर्टचं नाव लागतं. पिपचं नाव घेऊन आवृत्ती विचारायची असेल तर ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’मधलं ‘व्हर्जन’ फंक्शन वापरा. ते पायथन 3.8 पासून आहे. पॅकेज नसेल तर ते ‘पॅकेजनॉटफाउंडएरर’ देतं.

स्पेक मिळाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. तुमच्याच फोल्डरमध्ये ‘यामल’ नावाची पायथन फाइल पडलेली असेल, तर उत्तर ‘आहे’ असंच येईल. स्पेकचं ‘ओरिजिन’ छापून बघा: पिपने टाकलेल्या पॅकेजच्या पाथमध्ये सहसा ‘साइट-पॅकेजेस’ दिसतं. ओरिजिन ‘नन’ आलं तर बहुधा त्या नावाचा नुसता फोल्डर सापडला आहे.

मॉड्यूल लगेच वापरायचंच असेल तर ‘ट्राय’मध्ये ‘इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूल’ करणं जास्त खात्रीचं. पकडताना मॉड्यूलनॉटफाउंडएररच पकडा आणि त्याचं ‘नेम’ तपासा. तुम्ही मागितलेलं नाव तिथे नसेल, तर मॉड्यूल जागेवर आहे, त्याला लागणारं दुसरं काहीतरी नाही. सरसकट ‘एक्सेप्ट’ लिहिलं की हा फरक बुजतो आणि वापरणारा भलतंच पॅकेज पुन्हापुन्हा टाकत बसतो.

प्रोग्रॅममधूनच पॅकेज टाकायचं असेल तर ‘सबप्रोसेस’ने ‘सिस.एक्झिक्युटेबल’, ‘-एम’, ‘पिप’, ‘इन्स्टॉल’ आणि पॅकेजचं नाव या क्रमाने चालवा. नुसतं पिप दुसऱ्याच पायथनचं निघू शकतं. टाकून झाल्यावर ‘इम्पोर्टलिब.इनव्हॅलिडेट_कॅशेस’ बोलवा, नाहीतर पॅकेज डिस्कवर असूनही चालू प्रोग्रॅमला ते दिसेलच असं नाही.