गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलेनासे झाले तर बिघाड कसा शोधावा

एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग आणि इंजिन, तिन्हींचे दिवे एकदम लागले की माणूस हबकतो. पण तीन गोष्टी एकाच दिवशी सहसा बिघडत नाहीत. बहुतेक वेळा त्यांच्या ईसीयूंमधला, म्हणजे त्या-त्या यंत्रणेला चालवणाऱ्या छोट्या संगणकांमधला, संवाद तुटलेला असतो. हा संवाद बऱ्याच गाड्यांत ‘कॅन’वरून चालतो. कॅन म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, हाय आणि लो. म्हणून महागडा ईसीयू मागवण्याआधी मल्टीमीटर हातात घ्या.

सुरुवात बॅटरीपासून करा. बॅटरी उतरलेली असेल तर संवाद तुटल्याचे खोटे कोड (ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) बरेचदा येतात. ती चार्ज करा, कोड लिहून ठेवा, पुसा आणि परत कोणते येतात ते बघा.

मग स्कॅनरने (गाडीला जोडून हे कोड वाचणाऱ्या यंत्राने) सगळे ईसीयू तपासा आणि कोण उत्तर देतो, कोण नाही, याची यादी करा. संवादाचे कोड ‘यू’ने सुरू होतात. इथे अनेकांची गफलत होते. इंजिनच्या ईसीयूत यू०१२१, म्हणजे ‘एबीएसशी संपर्क तुटला’, हा कोड सापडला, तर इंजिन फक्त तक्रार करतंय. गप्प बसलाय तो एबीएस. शोध गप्प बसलेल्याचा घ्यायचा.

एकच ईसीयू गप्प असेल, तर आधी त्याचा फ्यूज, सप्लाय आणि अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेली जोडणी) बघा. अर्थ तपासताना ईसीयू चालू ठेवून त्याची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा. ते जवळपास शून्य हवं.

बरेच ईसीयू गप्प असतील तर तारांकडे वळा. बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा आणि स्कॅनर जोडतो त्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो आणि ते दोन्ही समांतर जोडलेले असतात, त्यामुळे मीटरवर साधारण ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकापर्यंतची तार तुटलीय किंवा तिथला रेझिस्टर सुटलाय. शून्याजवळ आकडा आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत मात्र हे सॉकेट फक्त गेटवेपर्यंत (वेगवेगळ्या तारांमधले संदेश पुढे पाठवणाऱ्या ईसीयूपर्यंत) जातं. तिथे वायरिंगचा नकाशा बघून पुढच्या तारांवर मोजावं लागतं.

आता बॅटरी जोडून चावी ऑन करा. अर्थच्या तुलनेत हाय अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि लो किंचित खाली हवी. एखादी शून्यावर असेल तर ती अर्थला लागलीय, बाराजवळ असेल तर सप्लायला.

शॉर्ट सापडत नसेल तर बॅटरी काढून, मीटर लावलेलाच ठेवून एकेक ईसीयूचा कनेक्टर सोडवत जा. ज्याच्या सुटण्याने आकडा सुधारला, तिथे थांबा. टोकाचा रेझिस्टर ज्या ईसीयूत असेल तो काढल्यावर ६० चे १२० होणारच, तो दोष समजू नका. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या, कनेक्टरमध्ये मात्र मीटरची टोकं कधीही घालू नका.

आता सुटलेला कनेक्टर उजेडात धरून नीट न्याहाळा. पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर, मागे सरकलेली एखादी पिन, मॅटखाली साचलेलं पाणी: मूळ कारण बरेचदा इतकं साधं असतं. तार जोडताना पीळ सोडून लांब सरळ तुकडा ठेवू नका, कारण बाहेरचा विद्युत गोंगाट तो पीळच रोखतो.

शेवटी कोड पुसून गाडी खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा आणि पुन्हा स्कॅन करा. सप्लाय, अर्थ आणि तारा ठीक असूनही तोच ईसीयू गप्प राहिला, तरच तो बदलायचा विचार करा. नव्याला बहुधा त्या गाडीसाठी कोडिंगही करावं लागतं.