सनद पाठवण्याआधी वीस किलो रातांबे

वकिलीचा वीट आला असेल तर आधी केसडायरी उघडा. दोन महिने रोज संध्याकाळी प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द लिहा, ज्याने जीव खाल्ला तो: ताटकळणं, पक्षकार, मसुदा, फी. ताटकळणंच वरचेवर दिसलं आणि मसुदा लिहिताना वेळ कसा गेला ते कळलं नसेल, तर फक्त कोर्ट सोडून भागेल. सामाईक सातबारे, मुंबईकर हिस्सेदार, वाटपपत्रं... कोकणात हे काम घरबसल्या मिळतं.

मसुदाही नकोसा झाला असेल तर कोकमाच्या धंद्याचा विचार करा. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, एप्रिल-मेमध्ये पिकतो आणि कोर्टाची उन्हाळी सुट्टीही मे महिन्यातच. मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 47 प्रमाणे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालू असताना स्वतः धंदा करता येत नाही. म्हणून पहिला घाणा घरापुरताच.

वीस किलो लालभडक रातांबे धुऊन फोडा. बियांसह गर स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात काढून त्यात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं मीठ घाला. ॲल्युमिनियम नको, आंबट रस ते खातो. सुटलेल्या रसात सालं रात्रभर भिजवा, सकाळी उन्हात टाका, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी चार-पाच पुटं. आमसूल काळसर आणि चिवट झालं, की थोडं काचेच्या बरणीत झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी काचेला आतून दमट धरलं तर अजून ऊन हवं. इथेच घाई होते, आणि ऐन पावसात बुरशी येते. बिया फेकू नका, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप, होतं. टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

हात लाल, पाठ मोडलेली, भोवती माश्या. तरीही तिसऱ्या आठवड्यात आभाळ बघायला आपणहून उठत असाल, तर पुढे जा.

लागवड करणार असाल तर मादी झाडाची कलमंच घ्या, उदाहरणार्थ दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता'. बियांच्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. वाटप न झालेल्या जमिनीत एकही खड्डा खणू नका. हे वकिलाला सांगावं लागू नये, पण लागतं. पैसे हंगामातच येतात, म्हणून वर्षभराचा घरखर्च आधी बाजूला काढा.

मग दावे सोडवा. प्रत्येक पक्षकाराला पुढची तारीख आणि अपिलाची मुदत लेखी कळवा. नवा वकील नेमला असेल तर नाहरकत द्या, नसेल तर पक्षकाराला नोटीस देऊन वकीलपत्रातून मुक्त होण्याची परवानगी कोर्टाकडे मागा. फी थकली म्हणून कागद अडवू नका. तसा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच स्पष्ट केलं आहे.

शेवटी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला वकिली स्थगित करत असल्याचं पत्र मूळ नोंदणी प्रमाणपत्रासह स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनची सोय घेऊन पाठवा. आमसुलं विकायची ती त्यानंतर, एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे, नोंदणी करून. पोस्टाची पोच जपून ठेवा. परत फिरायचं झालं तर प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो, तेव्हा ती कामी येते.