रानबेगोनियाचा कंद पुढच्या पावसापर्यंत जगवताना

सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळांवर फिकट गुलाबी फुलांचा ठेंगणा बेगोनिया दिसतो, तो बेगोनिया क्रेनाटा. कुंडीत तो पावसात सहसा दगावत नाही. दगावतो पाऊस सरल्यावर, आपण मायेनं घातलेल्या पाण्यानं.

रानातलं रोप उपटून आणू नका. कातळाच्या फटीतून ओढताना कंद तुटतो आणि तिथलीही जागा रिकामी होते. कुणी आधीच वाढवत असेल त्याच्याकडून बी घ्या.

बी तपकिरी भुकटीइतकं बारीक असतं. चाळलेलं पानांचं खत आणि जाड वाळू समप्रमाणात ओली करून त्यावर ते कागदावरून टिचकी मारत पसरा. वरून माती टाकू नका, उगवायला उजेड लागतो. काच झाकून सावलीत ठेवा, पाणी खालच्या ताटलीतून द्या. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. तीन पानं आली की काडीनं उचलून लावा.

मोठ्या रोपाला १० सेंटिमीटरची उथळ कुंडी पुरते. दोन भाग पानांचं खत, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे. कंद जेमतेम १ सेंटिमीटर खोल ठेवा. भर उन्हात पानांच्या कडा करपतात. कोंदट जागेत पानांवर पांढरी भुरी धरते, म्हणून वारा खेळता हवा.

पानं पिवळी पडू लागली की खरी कसोटी. खत आधीच थांबवा, पाणी हळूहळू तोडा. देठ ओढून काढू नका. तो सुकून सांध्यापाशी आपसूक सुटतो आणि कंदावर कोरडा, गोल वण राहतो. ओढला तर ओली जखम राहते आणि कूज तिथूनच आत शिरते. कंद बोटानं हलकेच दाबा: टणक म्हणजे ठीक, मऊ आणि आंबूस वासाचा म्हणजे गेला.

मोठे कंद त्याच कुंडीत कोरडे, सावलीत ठेवा. पहिल्या वर्षीचे मुगाएवढे कंद मात्र पूर्ण कोरडे ठेवले तर सुकून जातात. त्यांना दर तीन आठवड्यांनी कुंडीच्या कडेनं चमचाभर पाणी द्या.

मेअखेरीस वरची माती फुंकरीनं बाजूला करून बघा. गुलाबी कोंब टोचलेला दिसला तरच पाणी सुरू करा, तेही आधी दोन-तीन चमचेच.